ट्रॅक्टरची वीज : बंद नळावर दाब मोजू नये



ऐन हंगामात ट्रॅक्टर सुरू होत नाही ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तक्रारीचे शब्दही बहुधा ठरलेले असतात. "साहेब, लाइट तर लख्ख पडतोय, हॉर्नही वाजतोय, मग सेल्फ का मारत नाही?" मग पारावरचा एकजण सांगतो, बॅटरी गेली. दुसरा सांगतो, सेल्फ भरून घ्या. नवी बॅटरी येते. ट्रॅक्टर आठ दिवस चालतो आणि पुन्हा ‘टक’ असा आवाज करून गप्प बसतो. काही हजार रुपये गेले, पेरणीचा वाफसा गेला आणि दोष मात्र होता तिथेच राहिला.

हा खर्च टाळण्यासाठी कोणी इंजिनिअर होण्याची गरज नाही. दाब, प्रवाह आणि रोध ही तीन नावे नीट समजली तर निम्मे काम झाले असे समजावे. आजचा लेख ट्रॅक्टरवर असला तरी जीप, मोटार, पिकअप या सर्वांची वीज याच नियमाने चालते.

दाब, प्रवाह आणि रोध

आपल्याला पाण्याचा हिशेब पाठ आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा दाब अधिक. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून दर सेकंदाला किती पाणी वाहते हा झाला प्रवाह. विजेचा प्रवाह ॲम्पिअरमध्ये मोजतात. पाइप अरुंद असेल, आत गाळ साचला असेल, तर पाणी अडते. या अडवणुकीला विजेच्या भाषेत रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात.

या तिघांचे नाते जर्मनीतील गेऑर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. नाते अगदी साधे आहे. प्रवाहाला रोधाने गुणले की दाब मिळतो. तुमच्या घरात नववी-दहावीला मुलगा किंवा मुलगी असेल तर हा नियम त्यांना तोंडपाठ असेल. पुस्तकात दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात, एवढाच फरक. खालचे हिशेब त्यांच्याकडून करून घ्यावेत. पुस्तकातले गणित गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला लागू पडते हे पाहून त्यांनाही गोडी वाटेल.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. व्होल्टला ॲम्पिअरने गुणले की वॅट मिळतात. हेडलाइटचा बल्ब ६० वॅटचा असेल आणि बॅटरी १२ व्होल्टची, तर ६० भागिले १२, म्हणजे ५ ॲम्पिअर प्रवाह लागतो. दोन दिव्यांना १० ॲम्पिअर. सेल्फची गोष्ट मात्र निराळी. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० ॲम्पिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. दिवा हा ठिबकचा ड्रिपर मानला, तर सेल्फ म्हणजे धरणाचा दरवाजा. हा फरक मनात पक्का करावा. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

परतीची वाट

पाणी आणि वीज यांत एक मोठा फरक आहे. पाणी शेतात सोडले की काम झाले. वीज मात्र बॅटरीच्या एका टोकातून निघून दुसऱ्या टोकाला परत आलीच पाहिजे. परतीची वाट तुटली की दिवा लागत नाही, मग जाण्याची वाट कितीही चांगली असो.

ट्रॅक्टरमध्ये प्रत्येक दिव्याला एकच वायर दिसते. मग परतीची वायर कुठे आहे? ट्रॅक्टरचे लोखंड हीच परतीची वायर. बॅटरीचे ऋण, म्हणजे वजा चिन्हाचे टोक, जाड केबलने किंवा विणलेल्या पट्टीने इंजिनाला वा चासीला जोडलेले असते. मिस्त्री याला ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी’ म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीची अर्थिंग जमिनीत पुरलेली असते, तो अर्थ वेगळा. ट्रॅक्टर रबरी टायरांवर उभा असतो, त्याच्या विजेला जमिनीशी काही देणेघेणे नाही. अर्थाच्या पट्टीखाली रंग, गंज किंवा वाळलेला चिखल असेल तर परतीची वाट बुजली असे समजावे. पुष्कळजण धन टोकाची केबल घासून पुसून लख्ख ठेवतात आणि अर्थाच्या पट्टीकडे वर्षानुवर्षे पाहतही नाहीत. दोष बहुधा तिथेच दडलेला असतो.

लाइट लागतो, सेल्फ का फिरत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, बॅटरीच्या क्लॅम्पखाली पांढरट-हिरवट क्षार जमला आणि त्या सांध्यात ०.०२ ओहम, म्हणजे एका ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका रोध तयार झाला. आकडा नगण्य वाटतो. हिशेब करून पाहू.

दिवे लावले, प्रवाह १० ॲम्पिअर. १० गुणिले ०.०२ म्हणजे ०.२ व्होल्ट दाब त्या सांध्यात खर्च झाला. दिव्यांना जवळजवळ पूर्ण दाब मिळाला. दिवे लख्ख.

सेल्फ मारला, प्रवाह २०० ॲम्पिअर. २०० गुणिले ०.०२ म्हणजे ४ व्होल्ट. बारापैकी चार व्होल्ट एका सांध्यात अडकले. प्रत्यक्षात दाब घटला की प्रवाहही घटतो, त्यामुळे आकडे थोडे बदलतील. पण सेल्फच्या वाट्याला इंजिन फिरवण्याइतके बळ उरत नाही हे खरे. मग नुसती ‘टक’ वाजते.

हेच पाण्याने समजून घ्या. पाइपात गाळ भरला असला तरी शेवटचा नळ बंद असताना तिथे टाकीचा पूर्ण दाब असतो. पाणी वाहतच नसेल तर अडणार काय? नळ थोडा उघडून लोटा भरला तरी गाळ जाणवत नाही. पूर्ण नळ उघडून पाट भरायला गेलात की धार आटते. म्हणून बंद नळावर दाब मोजून पाइप चांगला आहे असे कधी म्हणू नये. ट्रॅक्टरचेही तसेच. मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, आता बॅटरी आणि केबल दोन्ही ठीक, असा निष्कर्ष काढू नये. दाब मोजायचा तो सेल्फ मारत असताना. या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे.

दोष शोधण्याचा क्रम

साधा डिजिटल मल्टीमीटर आता थोडक्या पैशांत तालुक्याच्या गावी मिळतो. चार-पाच शेजाऱ्यांत मिळून एक घेतला तरी चालेल. त्याचे बटण डी.सी. २० व्होल्टवर ठेवावे. काम दोघांनी करावे. एकाने सीटवर बसावे, दुसऱ्याने मीटर धरावा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पी.टी.ओ. बंद, आणि इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून धरलेला असावा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. मीटरच्या वायरी पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर धराव्यात. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा.

पहिली पायरी. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी बॅटरीचा दाब पाहावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव भरलेली. बॅटरी अर्धी रिकामी असेल तर आधी चार्ज करून आणावी, मगच पुढे जावे.

दुसरी पायरी. मीटरची टोके बॅटरीच्या शिशाच्या पोलवरच टेकवावीत, क्लॅम्पवर नव्हे. आता सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. भरलेल्या बॅटरीचा दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली घसरला तर बॅटरीत दोष असण्याचा संभव जास्त. दाब ११ च्या पुढे टिकून आहे आणि सेल्फ मात्र फिरत नाही, असे दिसले तर बॅटरी निर्दोष आहे. ती बदलू नये.

तिसरी पायरी. मीटरचे एक टोक ऋण पोलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवावे. सेल्फ मारावा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. जास्त दाखवला तर परतीच्या वाटेत गाळ आहे. मग एक टोक धन पोलवर आणि दुसरे सेल्फच्या ज्या बोल्टाला बॅटरीची जाड केबल येते त्यावर टेकवून हेच करावे. इथेही अर्ध्या व्होल्टच्या आतच हवे. ज्या बाजूला आकडा मोठा, त्या बाजूचे सांधे उघडून साफ करावेत. दोन्ही बाजू ठीक असतील तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये आहे. आता मिस्त्रीकडे जावे आणि काय काय तपासले ते त्याला सांगावे. त्याचा वेळ आणि तुमचा पैसा दोन्ही वाचतील.

मीटर नसेल तर? सेल्फ दोन-तीन वेळा मारल्यावर प्रत्येक सांध्याजवळ बोटाची मागची बाजू हलकेच लावून पाहावी. अडलेला दाब उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो, म्हणून खराब सांधा इतरांपेक्षा गरम लागतो.

चौथी पायरी. इंजिन सुरू करून मध्यम रेस द्यावी व पुन्हा बॅटरीवर मीटर लावावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. १२.५ च्या आसपासच राहिला तर आधी पट्टा ढिला आहे का ते पाहावे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीचे पाणी भराभर आटते आणि बल्ब वारंवार उडतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून चार्जिंग पाहण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. तसे केल्याने दाब एकदम उसळतो आणि अल्टरनेटरमधील डायोड जळू शकतात.

उसाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा

गाळप हंगामात रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याला असतात. मागचा दिवा बंद असलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला दिसत नाही. यात जीव जातात. पुष्कळदा बल्ब चांगला असतो, वायरही चांगली असते. खोट असते ती परतीच्या वाटेत.

दिव्याला जाणारी वायर ट्रॉलीपर्यंत ओढलेली असते, पण परतीचा प्रवाह ट्रॉलीच्या दांडीतून आणि हुकाच्या पिनेतून ट्रॅक्टरकडे यावा अशी अपेक्षा असते. ही पिन ग्रीस, माती आणि गंज यांनी माखलेली, खड्ड्याखड्ड्याला उडणारी. दिवा कधी लागतो, कधी विझतो. ब्रेक दाबला की बाजूचा इंडिकेटरही मंद पेटू लागतो, ही याची पक्की खूण. प्रवाहाला परत यायला नीट वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बातून वाट काढतो.

उपाय स्वस्त आहे. ट्रॉलीच्या दिव्यांपासून ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत परतीसाठी एक वेगळी वायर ओढावी व ती दोन्हीकडे रंग खरवडून बोल्टखाली घट्ट बसवावी. वळताना ताण पडू नये म्हणून थोडी सैल सोडावी. दिव्यांबरोबर ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तकही लावावेत. वीज गेली तरी ते चमकतात.

फ्यूज हा वायरीचा रखवालदार

वायरीतून वाहणारा प्रवाह दुप्पट झाला तर तिच्यात निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. वायरीचे रबर वितळण्याआधी स्वतः वितळून प्रवाह तोडणे हे फ्यूजचे काम. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तांब्याची जाड तार लावणारे बहाद्दर अजूनही आढळतात. ती तार उडत नाही, मग तिच्याऐवजी वायर पेटते. खाली डिझेल आणि मागे कडबा किंवा पाचट असेल तर पुढचे सांगायला नको.

फ्यूज ज्या आकड्याचा होता त्याच आकड्याचा लावावा. दोन हेडलाइटना १० ॲम्पिअर लागतात, तिथे १५ चा फ्यूज पुरतो. पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज लावू नये. वायर कुठे घासून बॉडीला लागली आहे ते शोधावे. सेल्फच्या जाड केबलला बहुधा फ्यूज नसतोच. म्हणून ती केबल कुठे लोखंडाला घासत नाही ना, हे दर हंगामाला डोळ्यांनी पाहावे.

गाण्याचा संच आणि जादा दिवे बसवण्याआधीही वॅटचा हिशेब करावा. अल्टरनेटरवर ३६ ॲम्पिअर लिहिले असेल, तर दिवे, संच आणि बॅटरीची भरणी हे सारे त्यातच बसले पाहिजे. इंजिन बंद ठेवून १० ॲम्पिअरचा संच चार तास वाजवला, तर ४० ॲम्पिअर-तास खर्च झाले. ८० ॲम्पिअर-तासाची बॅटरी अर्धी रिकामी झाली. सकाळी सेल्फ मारला नाही तर बॅटरीला दोष देऊ नये.

बॅटरीची निगा

शिसे आणि गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. आजही ट्रॅक्टरमध्ये तिचाच वंश आहे. झाकणांच्या बॅटरीत दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात दर आठवड्याला, पाणी पाहावे. पट्ट्या साधारण बोटाच्या जाडीइतक्या पाण्याखाली असाव्यात. फक्त बॅटरीचे शुद्ध पाणी घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये, कारण त्यातील क्षार पट्ट्या खराब करतात. ॲसिड तर घालूच नये; आटते ते पाणी, ॲसिड नव्हे.

सांधे साफ करताना इंजिन बंद करून आधी ऋण क्लॅम्प काढावा, मग धन. बसवताना आधी धन, शेवटी ऋण. कारण साधे आहे. धन बोल्ट सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला, तरी परतीची वाट आधीच तोडलेली असल्याने ठिणगी उडत नाही. झाकणे घट्ट बसवून क्लॅम्पवर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकावे, फेस निवला की धुवावे, कोरडे करावे, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. बोटात अंगठी व हातात कडे नसावे. अंगावर ॲसिड पडल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास पाण्याने धूत राहून लगेच दवाखाना गाठावा. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. जवळ बिडी ओढू नये, आत पाहण्यासाठी काडी पेटवू नये.

दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून सुरू करायचे असेल, तर धनाला धन जोडावे, आणि ऋण केबलचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर इंजिनाच्या लोखंडाला लावावे. ठिणगी पडलीच तर ती वायूपासून लांब पडेल. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर ऋण क्लॅम्प काढून ठेवावा व महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. रिकामी ठेवलेली बॅटरी कायमची बाद होते.

बारा व्होल्टची सवय विहिरीवर नेऊ नये

शेवटी एक इशारा, आणि तो घरातल्या सर्वांनी ऐकावा. १२ व्होल्टचा दाब कोरड्या हाताला धक्का देत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या वायरी आपण बिनदिक्कत हाताळतो. हीच बेफिकिरी घेऊन पोरे विहिरीवरच्या स्टार्टरला हात घालतात. तिथे तीन फेजचा दाब ४१५ व्होल्ट असतो आणि हात-पाय ओले असतात. दाब वाढला की शरीरातून जाणारा प्रवाह वाढतो, हाच ओहमचा नियम. तिथे मुख्य स्विच पाडल्याशिवाय झाकण उघडू नये आणि काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

या आठवड्यात एवढे करावे. एक पाना, तारेचा ब्रश आणि मूठभर सोडा घेऊन बॅटरीचे दोन्ही सांधे आणि अर्थाची पट्टी साफ करावी. ट्रॉली जोडून, अंधार पडल्यावर, मागे उभे राहून दिवे पाहावेत. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि घरातली शाळेत जाणारी मुलगीही मीटर धरू शकते. बॅटरीच्या दुकानाची पायरी त्यानंतरच चढावी.